अस्वल, नग एक

वनपाल म्हणून निवृत्त झालो असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "मग किती वाघ पाहिले?" मी खरं ते सांगतो: जंगलात एकही नाही. माझी सगळी नोकरी खान्देशात झाली, आधी धुळ्याकडे आणि मग जळगावच्या केळीच्या पट्ट्यात. एवढ्या वर्षांत मी मोजले ते सागाचे ओंडके. लांबी घ्यायची, गोलाई घ्यायची, हातोड्याने खात्याचा ठसा मारायचा आणि पुढच्या ओंडक्याकडे वळायचं. वाघ-अस्वलं जी काही पाहिली ती यात्रेतल्या तंबूत, आणि तीही तिकीट न काढता, कारण अंगावर खाकी असायची.

तंबूतल्या जनावरांशी वनखात्याचा काय संबंध, असं बऱ्याच जणांना वाटतं. जनावर रानातलं असेल तर ते तंबूत असो की कुणाच्या ओसरीवर, ते बाळगायला आमचा मालकीचा दाखला लागतो. त्यामुळे यात्रा भरली की साहेबांचा हुकूम यायचा आणि मी माझा गार्ड सुकदेव याला घेऊन तंबू तपासत फिरायचो. सुकदेव साक्रीकडचा. अहिराणी सोडून दुसरं काही बोलायचं नाही, असं त्याने नोकरीला लागतानाच ठरवलं असावं.

धुळ्याकडे असताना एकदा एका तंबूवर पाटी दिसली, 'सातपुड्यात पकडलेला जिवंत वाघ'. आम्ही छापा घातला. आत अंधार, पिंजरा, आणि पिंजऱ्यात काहीतरी पट्ट्यापट्ट्यांचं झोपलेलं. मी मोठ्या अधिकाराने सुकदेवला जवळ जाऊन बघायला सांगितलं. तो गेला, वाकला आणि परत येऊन शांतपणे म्हणाला, "साहेब, वाघ मन्हाकडे दखीसन शेपटी हालाई ऱ्हायना." शेपटी हलवणाऱ्या त्या वाघावर रॉकेलचा बोळा फिरवला तसे पट्टे निघाले आणि खालून गावठी कुत्रा बाहेर आला. कुत्र्याला आमचा कायदा लागत नाही. मालक उलट आमच्यावरच चिडला, कारण त्याला संध्याकाळच्या आत तो पुन्हा रंगवायचा होता.

नव्वदच्या दशकात दिल्लीहून नवी बंदी आली. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड या पाच जणांकडून लोकांसमोर खेळ करून घ्यायचे नाहीत. ही बंदी आली, कोर्टात अडकली, सुटली, पुन्हा नव्याने आली. प्रत्येक फेरीला आमच्याकडे एक परिपत्रक यायचं आणि 'याआधीचं रद्द समजावे' असं म्हणायचं. हत्तीचं नाव यादीत नव्हतं. एका माकडवाल्याने मला विचारलं होतं, "साहेब, हत्ती चालतो आणि माकड चालत नाही, तर मी आता हत्ती घेऊ का?" मी त्याला परिपत्रक वाचून दाखवलं.

कायदा मात्र मला तेव्हाही पटत होता आणि आजही पटतो. नाकात वेसण घातलेलं, दात काढलेलं अस्वल एकदा जवळून पाहिलं की माणूस टाळ्या वाजवायला धजत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत वाचून कुणाला वाटेल की मी सर्कसवाल्यांच्या बाजूचा होतो.

ती सर्कस हिवाळ्यात अमळनेरहून आली आणि आमच्या तालुक्याच्या यात्रेत उतरली. ठिगळं लावलेला तंबू, दोन घोडे, काही कुत्री, पोपट आणि एक अस्वल. अस्वलाचं नाव हौसा. तिचा जो खेळ होता त्याला पाटीवर 'हौसाबाईचा संसार' असं नाव दिलं होतं. हौसा डोक्यावर पदर घेऊन झाडलोट करायची, कमरेवर घागर घ्यायची, चुलीपुढे बसून भाकरी थापल्यासारखं करायची, आणि शेवटी विदूषक दारू पिऊन घरी आला की त्याला केरसुणीने झोडपून काढायची. बायकांच्या बाजूने इतका हशा उठायचा की पुढचं काही ऐकू यायचं नाही. मी आणि सुकदेव हा खेळ शेवटपर्यंत पाहिला. पुरावा गोळा करायचा होता ना.

मग मालकाला गाठलं. तो म्हणाला, "साहेब, कायद्यात खेळाला बंदी आहे. हे नाटक आहे. नाटकाची परवानगी लागत असेल तर ती काढतो." दाखला मागितला तर त्याने एक जुना कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, 'अस्वल, नर, नाव राजा'. मालक म्हणाला, टायपिस्टची चूक. त्याच्या मागे एक साठीचा, वाळका माणूस उभा होता. हौसाला शिकवणारे गणपत मास्तर, सांगलीकडचे. ते हळूच म्हणाले, "राजा मिरजेत गेला, साहेब. ही हौसा." मालकाने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता केरसुणीची गरज इथेच पडणार.

मालक आणि मास्तर दोघांवर गुन्हा नोंदला, जप्ती झाली, पंचनामा करायचा होता. पंचनाम्याचा आमच्याकडे एकच छापील फॉर्म, तो लाकडाचा. जात, नग, लांबी, गोलाई, हातोडा निशाणी. दुसरा फॉर्म तालुक्याच्या ऑफिसात नव्हता, आणि एकही रकाना रिकामा सोडलेला आमच्या साहेबांना खपत नसे. मी 'जात' या रकान्यात 'अस्वल' लिहिलं, 'नग एक' लिहिलं आणि सुकदेवच्या हातात टेप दिला. त्याने हौसाकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं.

"साहेब, गोलाई कोठे मोजू? छातीले का पोटले?"

झाडाची गोलाई माणसाच्या छातीच्या उंचीवर मोजतात, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलेलं होतं. मी म्हटलं, "नियमाप्रमाणे छातीला." मास्तरांनी "हौसा, हात वर" म्हटलं आणि शिंप्यापुढे उभं राहावं तशी ती दोन्ही हात वर करून उभी राहिली. गोलाई नव्वद सेंटीमीटर भरली. लांबी नाकापासून शेपटीपर्यंत घ्यायची म्हटलं तर केसांत शेपटी सापडेना, तेव्हा अंदाजे लिहिली. 'हातोडा निशाणी' या रकान्यात 'मारता आली नाही' असं लिहून मी सही केली. त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमानच वाटला होता.

आता अस्वल ठेवायचं कुठे? वर पत्र पाठवलं. उत्तर आलं, 'संगोपन केंद्रात जागा उपलब्ध होताच कळवण्यात येईल'. अशा वेळी आमच्या खात्यात सुपूर्दनामा करतात. म्हणजे जप्त केलेला माल गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाच्या ताब्यात द्यायचा आणि त्याच्याकडून लिहून घ्यायचं की, 'वरील माल आहे त्याच मापाचा व आहे त्याच स्थितीत, हुकूम होईल तेव्हा हजर करीन'. आमच्या हद्दीत असा हक्काचा माणूस एकच, पोलीस पाटील असलेले नाना. केळीचे मोठे बागायतदार. आमचं जप्तीचं सागवान कायम त्यांच्या खळ्यात पडलेलं असायचं. मी गेलो तेव्हा ते घाईत होते.

"किती हाये?" त्यांनी विचारलं.

"एकच नग आहे, नाना."

त्यांनी चष्मा न लावताच सही ठोकली. मी खोटं बोललो नव्हतो. अर्ध्या तासाने पिंजरा ओढत ट्रॅक्टर आला तेव्हा नाना ओसरीवरून उठलेच.

"हे काय आनलं तुम्ही? मले वाटलं साग हाये."

मी कागद पुढे केला. सही त्यांचीच होती. तेवढ्यात आतून त्यांच्या घरच्या, अक्का, पदर सावरत बाहेर आल्या. त्यांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली आणि नाव विचारलं. हौसा, म्हटल्यावर म्हणाल्या, "माह्या नंदेचं नाव हौसाच हाये. राहू द्या. माहेरपनाले आली समजू."

गणपत मास्तर ट्रॅक्टरमागून चालत आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "भाकरी दोन येळेला, डाळ, गूळ थोडा. केळी दिवसाला दोनच. आवडत्यात तिला, पर जास्त दिऊ नगा." फॉर्ममध्ये आहाराचा रकाना नव्हता. मी मान हलवली आणि विसरून गेलो. ही माझी पहिली चूक नव्हे, पण सगळ्यात महागात पडली ती हीच.

केळीच्या बागायतदाराला 'दोनच केळी' हे कळलंही नसतं म्हणा. व्यापारी माल भरून गेला की लहान, डागाळलेल्या फण्यांचा ढीग मागे राहतो. तो आतापर्यंत गुरांना जायचा. आता हौसाला जाऊ लागला. शिवाय अक्का सकाळी भाकरी-गूळ, दुपारी भाकरी-गूळ आणि मध्ये काही ना काही नेऊन देत. नानांनी विहिरीजवळ लोखंडी जाळीचं मोठं आवार बांधलं, वर सावलीला पाचट टाकलं. पिंजऱ्यात जी नीट वळूसुद्धा शकत नव्हती ती आता ऐसपैस पाय पसरून बसायची. मी महिन्यातून एकदा तपासणीला जायचो, लांबूनच बघायचो आणि 'मुद्देमाल सुस्थितीत' असा शेरा मारायचो. गावोगावचे लोक बघायला येऊ लागले म्हणून 'पाहण्यास मनाई आहे' अशी पाटी लावली. पाटी वाचायला आणखी लोक यायला लागले.

इकडे तारखा पडत होत्या. सर्कस पुढे निघून गेली होती, पण मास्तर प्रत्येक तारखेला एस.टी.ने यायचे. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसायचे आणि मला एवढंच विचारायचे, "खाती का?"

"खाते."

"चालती का?"

"चालते."

एकदा म्हणाले, "एकदा बघू द्या की लांबनं." मी म्हटलं, आरोपीला मुद्देमालाला भेटता येत नाही. असा नियम कुठे लिहिलेला आहे हे मला आजही माहीत नाही. लाकूडचोराला आम्ही त्याच्या लाकडाजवळ फिरकू देत नसू, तेच डोक्यात होतं. त्याची मला आता लाज वाटते. मास्तर वाद घालायचे नाहीत. तारीख लागेपर्यंत ते तिच्या खेळांबद्दल सांगत बसायचे. एकंदर बावीस खेळ. भाकरी थापायला तिला दोन वर्षं लागली, घागरीला चार महिने. "पदर तिनं आपल्या आपण घेतला, साहेब," ते म्हणायचे, "त्यो म्या शिकवला न्हाई." सांगताना त्यांचे हात आपोआप हलायचे. पिंजरा, वेसण, अर्धपोटी दिवस यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण बावीस खेळ हीच त्यांची आयुष्याची कमाई होती, आणि ती माझ्या सुपूर्दनाम्यात अडकली होती.

शेवटी सुनावणीचा दिवस उगवला. मालकाने जळगावहून वकील आणला होता. त्याने माझा पंचनामा हातात घेतला आणि मला विचारलं, "गोलाई नव्वद सेंटीमीटर, हे आपणच मोजलंत?"

"हो."

"कुठे?"

"छातीच्या उंचीवर."

कोर्टात कुणीतरी हसलं. वकिलाने अर्ज केला की आज हजर केलेला मुद्देमाल पुन्हा मोजावा. हौसाचा पिंजरा ठेवलेली ट्रॉली लिंबाखाली उभी होती. सुकदेवने टेप घेतला, गजांतून कसाबसा फिरवला. एकशे एकतीस. त्याने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. सगळे कोर्टात परतले तेव्हा वकील मोठ्या नम्रपणे म्हणाला, "महाराज, आठ महिन्यांत सागाची गोलाई एवढी वाढत नाही. हे ते अस्वलच नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग हे कुणाचं?"

"ज्यांच्या ताब्यातून आलं त्यांचं असावं."

नाना बाकावरून ताडकन उठले. "साहेब, माह्याकडे केयीचा बाग हाये, अस्वलाचा नाही." न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं, पण ते उभेच राहिले. गणित सरळ होतं. हे अस्वल ते नसेल तर विनादाखला अस्वल बाळगलं म्हणून नाना आरोपी, आणि मूळ मुद्देमाल गहाळ केला म्हणून मी निलंबित. मालक मात्र मोकळा. ठसा मारलेला असता तर प्रश्नच नव्हता, असंही माझ्या मनात येऊन गेलं. इतका मी त्या क्षणी आमच्या फॉर्मसारखाच झालो होतो.

राहिला एकच माणूस, जो तिला ओळखू शकत होता. तोही आरोपी. मालकाने त्यांना काय पढवलं होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. 'ही ती नव्हे' एवढं म्हटलं की मास्तर सुटणार होते आणि सर्कशीतली त्यांची जागाही टिकणार होती. न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं की तुम्ही आरोपी आहात, बोलायची सक्ती नाही. पण वकिलाचीच हौस. तो म्हणाला, सगळ्यांसमोर एकदा विचारून घेऊ या.

आम्ही सगळे बाहेर आलो. न्यायाधीश, वकील, पट्टेवाला, नाना, अक्का, आणि निम्मा तालुका. हौसा ट्रॉलीत बसून केळी सोलत होती. मास्तर पिंजऱ्यापाशी गेले. आठ महिन्यांनी. वकिलाने विचारलं, "गणपतराव, या अस्वलाला तुम्ही ओळखता?"

मास्तरांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग एकदम वळले ते अक्कांकडे.

"हिला एवढी जाड कुणी केली?" त्यांचा आवाज चिरकला. "मागला डावा गुडघा धरतो तिचा. पावसाळ्यात उठता येत न्हाई तिला. दोनच केळी म्हटलं हुतं मी, दोनच. ह्या वजनानं पाय जाईल तिचा."

अक्का घाबरून म्हणाल्या, "मले कोनी सांगितलंच नाही, भाऊ."

मास्तरांनी मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. वकिलाने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मास्तरांच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. न्यायाधीश पट्टेवाल्याला म्हणाले, "चला आत," आणि लेखनिकाला, "नोंद घ्या, मुद्देमालाची ओळख पटली." सुकदेव माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वाचनूत, साहेब." आम्ही वाचलो होतो हे खरं.

मालकाला शिक्षा झाली, मास्तरांना वयामुळे समज देऊन सोडलं. मालकाने त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. हौसा सरकारजमा झाली, आणि जागा उपलब्ध नसलेल्या केंद्रात पंधरा दिवसांत जागा उपलब्ध झाली. मास्तरांना तिथे रोजंदारीवर घ्यावं असं पत्र मी स्वतः लिहिलं. माझ्या नोकरीतलं फॉर्मशिवायचं ते एकमेव पत्र. वयोमर्यादा ओलांडली आहे, असं उत्तर आलं. मी आणखी एक लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

न्यायला गाडी आली तेव्हा हौसा काही केल्या चढेना. केंद्राची माणसं, सुकदेव, नाना, सगळ्यांनी करून पाहिलं. शेवटी मी मास्तरांना निरोप पाठवला. काम सुटल्यावर ते धुळ्यात राहिले होते, तिथून आले. नानांच्या बांधावर चहा घेतला, अक्कांची माफी मागितली, अक्कांनी त्यांची मागितली. मग ते गाडीतल्या पिंजऱ्यात स्वतः जाऊन बसले. हौसा उठली आणि त्यांच्या मागोमाग आत गेली. थोडा वेळ दोघं तशीच बसली होती. नंतर मास्तर पुढच्या छोट्या दारातून खाली उतरले आणि कडी त्यांनीच लावली.

केंद्राच्या डॉक्टरकडे छापील फॉर्म होता, खास जनावरांचा. वय, आहार, दुखणी, सवयी. मास्तर एकेक सांगत गेले. गडगडाटाला भिते. डाव्या कुशीवर झोपते. गुडघ्याला तिळाचं तेल चोळावं लागतं. केळी दोन. डॉक्टर मन लावून लिहून घेत होता, चांगला माणूस होता. शेवटच्या ओळीवर आला तेव्हा हसून म्हणाला, "सर्कशीतली आहे म्हणजे बरंच शिकलेली असेल. आमच्याकडे पाहुणे येतात, मुलं येतात. काय काय येतं हिला?"

मास्तरांनी हात धोतराला पुसले.

"काय न्हाई," ते म्हणाले. "रानातलं अस्वल हाय ते. तिला कायबी येत न्हाई."

डॉक्टरने रेघ मारली आणि फॉर्म माझ्याकडे दिला. वरील माहिती खरी असल्याबद्दल वनखात्याची सही हवी होती. मी केली.